सामानाची यादी आणि खरी तयारी : १८८३ सालच्या दोन प्रवासांतून आपल्यासाठी



सप्टेंबर जवळ आला की "यादी पाठव ना" सुरू होतं. कुणाचा भाचा मास्टर्सला येतोय, कुणाची नणंद नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन मुलांना घेऊन इकडे यायची आहे, कुणाचे आईबाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी येणार. कुकर आणायचा का, थर्मल इथे घ्यायचे की तिथून, मेतकूट कस्टममध्ये अडवतात का, असे प्रश्न असतात. यादी माझ्याकडे आहे. सीए असल्यामुळे ती एक्सेलमध्येच आहे, आणि मागाल त्याला पाठवतेही.

पण आज यादी देत नाही. आज इतिहास सांगते. परदेशी जाण्याआधीची तयारी हा विषय आपल्या मराठी माणसांसाठी अजिबात नवा नाही. आपल्या दोन बायकांनी तो १४० वर्षांपूर्वी असा काही सोडवलाय, की आपली एक्सेल त्यापुढे फिकी पडावी. आणि जिथे त्यांचा हिशेब राहून गेला, तिथेच आपलाही राहतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

साल १८८३, महिना एप्रिल. ७ एप्रिलला कलकत्त्याहून एका बोटीत आनंदीबाई जोशी बसल्या. त्याआधी आठवडाभर, ३१ मार्चला त्यांना अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. २० एप्रिलला मुंबईहून दुसऱ्या बोटीत पंडिता रमाबाई बसल्या. तीन दिवसांनी, भर समुद्रात, त्यांना पंचविसावं पूर्ण झालं. बरोबर आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण आणि नुकतीच दोन वर्षांची झालेली मुलगी मनोरमा. म्हणजे तेरा दिवसांच्या अंतराने दोन मराठी बायका निघाल्या : एक अमेरिकेला, एक आपल्या या इंग्लंडला. दोघींचं लांबचं नातंही होतं.

आधी आनंदीबाईंची तयारी बघू.

त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांचं बाळ गेलं. मग डॉक्टर व्हायचा ध्यास, आणि पोस्टखात्यात नोकरी करणारे, शिक्षणापायी हट्टाला पेटलेले गोपाळराव. पण तयारीच्या बाजूने ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गोपाळरावांनी १८८० मध्ये अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकाच्या संपादकांना, वाइल्डर साहेबांना, पत्र लिहिलं. ते छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाईंनी ते एका दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना वाचलं आणि पत्र पाठवलं. तिथून जवळजवळ तीन वर्षं पत्रव्यवहार चालला. म्हणजे आनंदीबाईंची तयारी तिकिटापासून सुरू झालीच नाही. ती सुरू झाली तिथे एक घर मिळवण्यापासून. बोट न्यूयॉर्कला लागली ४ जूनला, ५८ दिवसांनी. त्या वेळी पलीकडे एक बाई होती जिला आनंदीबाई 'मावशी' म्हणत होत्या. आज आपण एअरपोर्टवर न्यायला कोण येणार हे यादीत शेवटी लिहितो. त्यांनी ते पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

दुसरी तयारी त्याहून मोठी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. अजून अठरा पूर्ण नव्हती. समोर जमलेली माणसं, त्यांतल्या अनेकांच्या मनात राग, आणि भाषा इंग्रजी. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारत होते ते त्यांनी स्वतःच मोजून मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. प्रश्न सहा होते. माझ्या शब्दांत सांगते :

१. अमेरिकेलाच का जातेस?
२. हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का?
३. एकटी का जातेस?
४. परत आल्यावर जातीबाहेर टाकतील, त्याचं काय?
५. तिथे काही संकट आलं तर काय करशील?
६. तुझ्याआधी कुणा बाईने केलं नाही ते तूच का करायचं?

मंडळी, हे सहा प्रश्न एकदा आपल्या घरातल्या भाच्यासमोर ठेवून बघा. नावं बदला, प्रश्न तेच राहतात. यूकेच का? पुण्यात हा कोर्स नाही का? नोकरी लागली नाही तर? परत आलास तर लोक काय म्हणतील? यातल्या किती प्रश्नांना त्याच्याकडे, किंवा त्याच्या आईवडिलांकडे, सरळ उत्तर असतं?

मला आवडतं ते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते शुद्ध हिशेबाचं आहे. त्या सांगतात की आधी दोघांनी जायचं ठरलं होतं. पण दोघांपुरते पैसे नाहीत. आणि पैसे असते तरी घरची माणसं गोपाळरावांच्या कमाईवर आहेत. ते निघाले तर ही सगळी माणसं उघड्यावर पडतील. म्हणून मी एकटी. त्यात आदर्शवाद नाही, रडगाणं नाही. मागे राहणाऱ्यांचा खर्च कोण करणार, हा रकाना आधी भरला आणि मग निर्णय घेतला. आपल्यापैकी कितीजण निघताना हा रकाना भरून निघालो? आईवडिलांचा मेडिक्लेम, घराची डागडुजी, बँकेतल्या सह्या... बहुतेकांनी इथे येऊन पाच वर्षांनी, रात्रीचा फोन आल्यावर भरला.

चौथ्या प्रश्नाचं वजन आज आपल्याला कळणं कठीण आहे. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, हे तेव्हा नुसतं बोलणं नव्हतं. वाळीत टाकणं म्हणजे भटजी नाही, सोयरीक नाही, पाण्याला कुणी नाही. समुद्र तर दूरच, सात वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यातल्या पुण्यात पंचहौद मिशनच्या आवारात पाहुणे म्हणून चहा पुढे आला, तर रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं. त्या काळात सतरा वर्षांची मुलगी भर सभेत सांगते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख आणि खाणंपिणं बदलणार नाही. तिच्या समाजाला ऐकायचं होतं ते हेच होतं. भाषणाची बातमी पसरली आणि मदतीचे पैसेही आले.

आता कठीण भाग. या सहा प्रश्नांत एक प्रश्न नव्हता : तब्येत.

आनंदीबाईंची प्रकृती निघण्याआधीपासून नाजूक होती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा चालूच होता. कार्पेंटर बाई तर अमेरिकेहून औषधं पाठवत होत्या. आणि जायचं होतं फिलाडेल्फियाच्या थंडीत. तिथे गेल्यावर कळलं की नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. मग त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे वचनही मोडलं नाही आणि अंगही झाकलं. जेवण शाकाहारी, परक्या गावात, अभ्यास करता करता स्वतः रांधलेलं. तीन वर्षांत त्यांनी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनियातून पदवी घेतली, ११ मार्च १८८६ रोजी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक झाली. आणि तिथे रुजू व्हायच्या आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

मी हे दोष काढायला सांगत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगासमोर आणला तोच मुळी १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, आणि औषध सापडायला तर अजून साठ वर्षं होती. पण बघा ना, सगळा समाज भांडत होता तो साडी, जात आणि जेवण यांवर. त्या मुलीची सगळी ताकद या तीन गोष्टींची उत्तरं देण्यात गेली. तिच्या फुप्फुसांबद्दल सभेत कुणी विचारलं नाही. आज आपल्याला लांबच्या व्हिसासाठी क्षयाच्या तपासणीचा दाखला काढावा लागतो. रांगेत उभं राहून कंटाळतो, "काय कटकट आहे" म्हणतो. मला तो कागद दिसला की आनंदीबाई आठवतात. त्या रांगेला मी कटकट म्हणत नाही.

आता दुसरी बोट.

रमाबाईंची परिस्थिती वेगळी. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, फेब्रुवारी १८८२ मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. मागे राहणाऱ्यांचा रकाना रिकामा होता. विचारणारं कुणी नव्हतं आणि पाठीशीही कुणी नव्हतं. पैसे कुठून आणले? या बाईंनी १८८२ मध्ये पुण्यात बायकांसाठी 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. इंग्लंडमध्ये राहायचं कसं? ऑक्सफर्डजवळ वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या सिस्टर्स होत्या. पुण्यात पंचहौदाला त्यांचं काम चालायचं, तिथली ही ओळख. हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात तिघींनी राहायचं, जेवायचं. म्हणजे फुकट नाही, उपकार नाही, मोबदला. मराठी शिकवून यूकेत पोट भरणाऱ्या पहिल्या बायकांत रमाबाई आल्या पाहिजेत! आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या शिक्षिकांना हे जरूर सांगा.

डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. मग १८८४ पासून त्या चेल्टनम लेडीज कॉलेजमध्ये शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलंही. चेल्टनम म्हणजे आपल्या बर्मिंगहॅमहून एम५ने तासाभराचा रस्ता. आपण मुलांना घेऊन कॉट्सवोल्ड्सला जातो तेव्हा त्याच गावावरून जातो. कॉलेज अजून आहे. पुढच्या वेळी गाडी थांबवा आणि मुलांना सांगा की १४० वर्षांपूर्वी इथे एक मराठी आई शिकत होती.

पण रमाबाईंची खरी कसोटी होती मनोरमा.

दोन वर्षांची पोर. आई अभ्यासात. त्यामुळे मुलीचा बराच सांभाळ वाँटेजच्या सिस्टर्सनी केला. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा तिला इतका लळा लागला की ती त्यांना 'आजीबाई' म्हणायची. पत्रांतसुद्धा तेच नाव राहिलं. विचार करा, वाँटेजच्या मठात एक इंग्रज सिस्टर, आणि तिचं नाव 'आजीबाई'. परक्या देशात लेकराने आपल्या शब्दाने आपली आजी शोधून घेतली. आपली मुलं शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना 'नॅनी' म्हणतात तेव्हा तेच करत असतात, फक्त शब्द त्यांचा असतो.

इथवर गोड. पुढे वाद. रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण स्वतःच्या बुद्धीला पटेल तेवढाच. मनोरमेला काय शिकवायचं, कुठली धर्मतत्त्वं आणि केव्हा, यावर आई आणि आजीबाई यांच्यात पत्रांतून चांगलीच खडाजंगी झाली. सिस्टर्सना वाटायचं, मुलीचं भलं आम्हाला कळतं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मुलगी माझी आहे, निर्णय माझा. मुलीला इंग्रजी घडणीत पूर्ण वाढवायला त्यांचा ठाम नकार होता. आपण हिंदुस्थानच्या आहोत याची तिला लाज वाटता कामा नये, आपल्या माणसांत ती परकी होता कामा नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. स्वतः त्या शाकाहारीच राहिल्या, तेही काहींना खटकायचं.

हा वाद वाचताना मी दरवेळी थांबते. कारण हा माझ्या घरातला वाद आहे. तुमच्याही असेल. शाळेत इस्टरचं नाटक आहे, जाऊ द्यायचं ना? हो, आनंदाने. पण घरी परवचा कोण म्हणणार? डब्यात पोळीभाजी द्यायची की सँडविच? "ममा, शाळेत माझ्याशी मराठीत बोलू नकोस" असं म्हणालं पोर, तर काय करायचं? रमाबाईंना यातलं काही निघण्याआधी ठरवता आलं नाही, कारण वेळही नव्हता आणि विचारायला माणूसही नव्हतं. म्हणून त्यांना ते तिकडे, पत्रांतून, ज्यांच्या घरात राहतोय त्यांच्याशी भांडून ठरवावं लागलं. आपल्याला आहे ना वेळ? आहे ना माणूस समोर? निघण्याआधी किंवा आल्या आल्या नवरा-बायकोने हे बोलून घ्यायला काय हरकत आहे?

हिशेब पुरा करते. १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या, आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी. ११ मार्चला फिलाडेल्फियात या दोघी एका सभागृहात होत्या. पुढे रमाबाई तिथे कामाला लागल्या आणि मनोरमा परत इंग्लंडला सिस्टर्सकडे गेली. मायलेकींमध्ये अख्खा समुद्र आला. १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या 'द हाय कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाने त्यांना अमेरिकेत पाठिंबा मिळवून दिला. ते पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तारीख बघा, तीच. एका मराठी पुस्तकाने बोटीचं भाडं दिलं आणि एका इंग्रजी पुस्तकाने शाळेचा पाया घातला. भांडवलाचा याहून चांगला वापर मी तरी कुठल्या ताळेबंदात पाहिला नाही.

आणि मनोरमा? ती हिंदुस्थानात परतली, शिकली, आईच्या संस्थेत शिक्षिका होऊन तिचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या. ज्या पत्रांमुळे त्या हट्टी ठरल्या, त्या पत्रांतली लढाई मात्र त्यांनी जिंकली होती.

आता थोडं आपल्या जवळच्या काळाकडे येते, कारण इथल्या जुन्या काका-काकूंची तयारी वेगळीच होती. तिथे बोटीपेक्षा कागद मोठा.

१९६०च्या दशकात बर्मिंगहॅमला आलेल्यांना विचारा. १ जुलै १९६२ पासून ब्रिटनने कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांना व्हाउचर लावलं : 'ए' म्हणजे ठरलेली नोकरी, 'बी' म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरसारखी पात्रता, 'सी' म्हणजे बाकीचे. तिकडे भारतात पासपोर्ट मिळणं हे सरकारच्या मर्जीवर होतं. परदेशी जाणं हा नागरिकाचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितलं ते एप्रिल १९६७ मध्ये, आणि त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा आला. आणि पैसे? परकीय चलनाची इतकी टंचाई की निघताना हातात मिळायचे तीन पौंड. त्या तीन पौंडांचा हिशेब मी काढून ठेवलाय. जून १९६६ पर्यंत पौंड होता साधारण १३ रुपये ३३ पैसे, म्हणजे ४० रुपये. अवमूल्यनानंतर पौंड २१ झाला, म्हणजे ६३ रुपये. चाळीस रुपयांचे तीन पौंड खिशात टाकून एक माणूस हीथ्रोला उतरत होता. म्हणून ओळखीचा पत्ता, कुणाच्या तरी घरातली रिकामी खाट, हेच त्याचं खरं बँक बॅलन्स. कार्पेंटर मावशी पुन्हा आल्या ना?

आज नियम उलटे झालेत. आपल्या घरचे लोक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत कायदेशीर पाठवू शकतात. पण इथे व्हिसाबरोबरच प्रत्येक वर्षाचा आरोग्य अधिभार आधी भरावा लागतो : २०२४ पासून मोठ्यांना १,०३५ पौंड, मुलांना ७७६. चौघांचा पाच वर्षांचा आकडा काढून बघा, डोळे पांढरे होतील. १८८३ मध्ये जात आडवी आली, १९६३ मध्ये चलन, आज रक्कम. अडसर बदलतो, पण असतोच.

तर माझ्याकडून यादी मागणाऱ्यांना मी आता सामानाच्या आधी एक पान पाठवते. त्यात पाचच ओळी आहेत :

• उतरल्यावर पहिला महिना कुणाचं दार वाजवता येईल? नाव आणि पत्ता लिहा.
• मागे राहणाऱ्यांचा खर्च आणि आजारपण कोण बघणार? सह्या, नॉमिनेशन, मुखत्यारपत्र निघण्याआधी. बँकेला तुम्ही अनिवासी झाल्याचं कळवणं आणि खातं एनआरओ करणं हेही यातच.
• तब्येत. दात, डोळे, रक्त, मुलांच्या लसींचे दाखले. आणि मनाचीसुद्धा. रमाबाईंची सोबतीण आनंदीबाई भगत हिने वाँटेजला आल्यावर काही महिन्यांतच स्वतःचं आयुष्य संपवलं. तिचं नाव कुठल्या यादीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. येणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा जेवायला बोलवा, "मजेत ना?" एवढ्यावर सोडू नका.
• जमलं नाही तर परत यायचे पैसे वेगळे काढलेत का? आणि परत आलास तरी चालेल, हे घरात कुणी मोठ्याने बोललंय का?
• मुलं कोणाची होणार, कुठल्या भाषेत रडणार, आजी कोणाला म्हणणार? यावर दोघांचं एकमत झालंय का?

कुकर, मेतकूट, थर्मल त्यानंतर. आणि खरं सांगायचं तर कुकर आता इथे सोहो रोडवर मिळतो.

तुमच्या घरातलं कुणी तीन पौंडांवर आलं असेल, किंवा त्याआधी बोटीने आलं असेल, तर त्यांना विचारून लिहून ठेवा. कुणी दार उघडलं, कुणी पहिलं जेवण घातलं, एवढं तरी. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. आणि आपल्या मुलांना हे सगळं आपल्याशिवाय दुसरं कोण सांगणार?